मनगटाची वीण

हॉस्पिटलच्या बाकावर वहिनी माझ्या थोरल्या भावाच्या स्वेटरची बाही विणत होत्या. मनगटाशी दोन सुलट, दोन उलट असे टाके चालले होते.

"दादा घालणार आहे का आता?" मी खेकसलो.

"नाही घातला तर शवपेटीत ठेवू ह्यांच्यासोबत, भाऊजी."

लोकरीचं दुकान मी शून्यातून उभं केलं. घासाघीस केल्याशिवाय एक लडीही कधी उचलली नाही. ही वीण मला चांगली कळते. नुसते सुलट टाके घातले, तर कापड कडेला गुंडाळत जातं. शेजारचा उलट टाका मागे ओढत राहतो, म्हणूनच बाही मनगटाला धरून राहते. चर्चमध्ये पाळक क्षमेवर बोलतात, तेव्हा मला नुसती सुलट वीण दिसते. दादाने आईच्या मातीला मला कळवलंसुद्धा नव्हतं. तो राग पुरता उसवूनच ये, अशी प्रभूची अट असेल, तर मी कधीच पोचणार नाही. तो तसाच ठेवून त्याच्या शेजारी दुसरा टाका घालता येत असेल का?

प्रभूशीही माझी घासाघीसच चालली होती. आधी दादाने माफी मागावी, मग मी खोलीत जाईन, असं मी मोठ्याने पुटपुटलो.

"त्यांची वाचा गेलीय, भाऊजी," वहिनी सुया न थांबवता म्हणाल्या. "कशाने मागतील?"

राग होता तसाच घेऊन मी आत गेलो. दादाने डोळे उघडले, मला ओळखलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

मी स्टूल ओढून त्याच्याजवळ बसलो.