ट्रायल रूममधली हाक

सातव्या महिन्यातली बाई मीडियम साइजच्या ड्रेसमध्ये मावत नाही. हे सगळ्या जगाला ठाऊक होतं. मला ते भिवंडीतल्या एका दुकानात कळलं.

आई जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. मला दिवस गेल्याची बातमी तिने हॉस्पिटलच्या खाटेवर ऐकली, "आता त्या घट्ट जीन्स बंद हं!" असं बजावलं आणि पुढच्याच आठवड्यात गेली. (दोन्ही गोष्टी मला न विचारता!)

जीन्स आपोआपच बंद झाल्या, कारण बटण लागेना. मग मी निलेशचे, म्हणजे नवऱ्याचे टी-शर्ट घालू लागले. तो भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या गोदामात सुपरवायझर. टी-शर्टच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत 'लोडिंग' लिहिलेलं! बाजारात लोक आपोआप वाट द्यायचे.

सासूबाईंनी डोहाळजेवण ठरवलं. मी नको म्हटलं, तर म्हणाल्या, "तुझी आई असती तर तिने केलंच असतं ना गं?" झालं, ड्रेस हवा! दुसऱ्या दिवशी पडघ्याहून बाबा हजर. "तुज्या आयनं नेली असती खरेदीला. आता मी नेतो." (बाबांनी जन्मात स्वतःसाठी बनियनपलीकडे काही निवडलेलं नव्हतं.)

दुकानदाराने एक ढगळ गाउन पसरला. त्यावर फ्लॉवरच्या गड्ड्याएवढी गुलाबाची फुलं! "मॅडम, एकदम आरामवाला."

मी बोट दाखवलं ते बॉटल ग्रीन, कमरेत बारीक ड्रेसकडे. "मीडियम द्या!"

"पोरी, सैल घे. दम कोंडंल," बाबा म्हणाले.

"बाबा, तुम्हाला फॅशनमधलं काही कळत नाही."

"न्हाय कळत. पण पोट दिसतंय मला."

मी तणतणत ट्रायल रूममध्ये गेले. डोकं आत गेलं, हात वर गेले आणि ड्रेस थांबला. खाली येईना, वर जाईना! दोन्ही हात छताकडे, तोंड हिरव्या कापडात, आतून बाळाच्या लाथा. जीव घाबरला आणि मी किंचाळले, "आई! आत ये ना गं, चेन अडकली!"

मग मला कळलं, मी कुणाला हाक मारली ते. शाळेच्या युनिफॉर्मपासून लग्नाच्या ब्लाउजपर्यंत, दाराबाहेर माझी पर्स धरून तीच तर उभी असायची.

दारावर हळूच टकटक झाली. "मी येऊ का गो?"

बाबा आत आले. (अंगात स्लिप आणि लेगिंग होती, घाबरू नका.) त्यांचा हात आधी माझ्या कानाला लागला, मग केसांना.

"बाबा, डोळे मिटलेत की काय तुम्ही?"

"मग? लेक हायेस तू माजी!"

"अहो, चेन मागे आहे!"

"तुजी आय काय करायची अशा टायमाला?"

"आधी ओरडायची. मग खेचायची."

बाबांनी घसा साफ केला. "किती येळा सांगितलं, सैल घे म्हणून! आयकत न्हाय कुनाचं..." मग त्यांनी खेचलं. फर्र!

ड्रेस डोक्यावरून निघाला. समोर बाबा. डोळे अजून घट्ट मिटलेले आणि मिटल्या पापण्यांतून पाणी वाहत होतं. मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि चार महिने साठवलेलं सगळं रडून घेतलं. हॉस्पिटलात रडले नव्हते, दहाव्यालाही नाही. रडले ती तीन बाय तीनच्या ट्रायल रूममध्ये!

तेवढ्यात बाहेरून दुकानदार कळवळून ओरडला, "रोइए मत मॅडम, डबल एक्सएल भी है!"

बाबांना आधी हसू फुटलं, मग मला. दोघं नाक पुसत बाहेर आलो आणि फाटलेल्या ड्रेससोबत तो गुलाबांचा गाउनही घेतला. डोहाळजेवणात मी त्यातच बसले. अंगावरची खरी फुलं कुठली आणि छापील कुठली, ते कुणालाच ओळखता येईना. "माहेरची ओटी कोण भरणार?" असं कुणीतरी विचारलं, तेव्हा बायकांच्या घोळक्यातून बाबा उठले. निम्मे तांदूळ ओटीत पडले, निम्मे गाद्यांवर.

मुलगी आता दोन वर्षांची आहे, माझं पोट मात्र अजून तसंच. परवा शेजारच्या काकूंनी माझ्या पोटाकडे बघत प्रेमाने विचारलं, "कितवा महिना गं?"

मी हिशेब करून खरं ते सांगितलं. "काकू, तेहतिसावा!"