आईजवळ कोणी बसलंय का?

आमच्या पेपरच्या ॲपवरून निधनाची बातमी पाठवायची असेल तर नाव, गाव, वय, फोटो असं सगळं भरून झाल्यावर शेवटी एक प्रश्न येतो. ‘आईजवळ कोणी बसलंय का?’ ‘हो’ म्हटल्याशिवाय बातमी पुढे सरकत नाही. आई हयात नसेल तर तसं सांगायची सोय आहे. ज्या बंगळूरूच्या कंपनीने ॲपचं तांत्रिक काम केलं, तिथली पोरं या प्रश्नावर हसली होती. एकाने विचारलंही, “सर, हा पेपर आहे की समाजसेवा?” रेजी हसला नाही. प्रश्न त्याने घातलाय, आणि त्याला तो अजून कोणाला हात लावू देत नाही.

रेजी कुरियाक्कोस अयर्कुन्नमचा. त्याचे वडील, सगळ्यांचे थोरले भाऊ म्हणून कुरियाक्कोस चेट्टन, त्या गावात आमच्या पेपरचे एजंट होते. मी कोट्टयमच्या कचेरीत निधनाच्या पानावर उपसंपादक; रेजी मला चेची म्हणतो, म्हणजे ताई. इकडे मल्याळीत त्या पानाला चरमम म्हणतात, आणि आमची माणसं पेपर तिथूनच वाचायला घेतात. आधी कोण गेलं ते बघायचं, सरकार राहिलं की गेलं ते चहा झाल्यावर.

आमच्याकडे आणखी एक रीत आहे. घरातलं माणूस आखातात वारलं की मृतदेह घरी येईपर्यंत आईला कळू द्यायचं नाही. टीव्हीची वायर काढतात, नातेवाईक काहीबाही निमित्त काढून जमतात, आणि पेपरच्या एजंटला निरोप जातो. त्या सकाळी त्या फाटकात पेपर पडत नाही. कुरियाक्कोस चेट्टन तर अशा घरापाशी सायकलवरून उतरायचे आणि घंटी मुठीत धरून चालत पुढे जायचे. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं, एवढंच.

रेजी आमच्याकडे लागला तेव्हा मजकुराचे तुकडे कापून पानावर चिकटवायचा. संगणक आला तशी ती कात्री गेली आणि तो माऊस धरायला शिकला. मग ॲप काढायचं ठरलं, तेव्हा मालकांनी त्याला तिसऱ्या मजल्यावर बसवलं. सोबत बंगळूरूची पोरं. त्यांनी पहिला आराखडा दाखवला तेव्हा मीही बैठकीला होते. क्रिकेट होतं, सिनेमा होता, सोन्याचा भाव होता.

“चरमम कुठंय?” रेजीने विचारलं.

“सर, मोबाइलवर मरण कोण बघतं?”

“आमचे लोक दुसरं काही बघतच नाहीत.”

तो हट्टाला पेटला आणि चरमम ॲपमध्ये आलं. नमुना पाहायला त्याने आईलाच धरलं. एलिक्कुट्टी अम्मच्ची, सत्तरी कधीच ओलांडलेली, हृदय नाजूक आणि तोंड तिखट. दर रविवारी चर्चहून आली की हा तिच्या हातात फोन द्यायचा.

“वाच.”

“चष्मा आण.”

“चष्म्याशिवाय.”

“मेल्या, मुंगीच्या पायाने लिहिलंयस का?”

तो अक्षर मोठं करायचा. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. शेवटी एकदा तिने फोन लांब धरून घडाघडा वाचलं. “पुदुप्परम्पिल ओसेप, वय एक्क्याऐंशी. अगं बाई! हा तर माझ्या मावशीचा दीर. कधी गेला?”

“गेला नाही, अम्मच्ची. नमुना म्हणून नाव टाकलंय.”

“चांगल्या धडधाकट माणसाला मारतोस? उद्या मला टाकशील!”

ही गोष्ट तो कचेरीत रंगवून सांगायचा. अक्षराचा तो आकार मात्र कायम झाला. रेजीने आणखीही सोयी केल्या. आपलं गाव निवडून ठेवलं की त्या गावात कोणी वारलं तर फोन हलकेच वाजतो. एकदा वाचलेली बातमी फिकी होते, म्हणजे म्हाताऱ्या माणसांचा गोंधळ होत नाही. आखातातल्या लोकांना तिथूनच बातमी पाठवता येते. सगळ्यांनी वाखाणलं. पण ज्याने बापाला घंटी मुठीत धरताना पाहिलं होतं, त्यालाही ते फाटक आठवलं नाही.

रेजीचा धाकटा भाऊ जोयमोन आखातात, सलालाला क्रेन दुरुस्त करायचा. एका दुपारी रेजी माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे सरकवली. तो बसला नाही.

“चेची, जोयमोन गेला. कामावरच. छातीत दुखलं म्हणे.”

मीच उठून उभी राहिले.

“अम्मच्चीला सांगितलेलं नाही,” तो म्हणाला. “तिला सोसणार नाही. बॉडी घरी येईपर्यंत बातमी थांबवा, चेची.”

मी थांबवली. घरी बाकी सगळं रीतीप्रमाणे झालं. टीव्ही बिघडला. एजंटला निरोप गेला. बहीण जॉली पोराला सुट्टी आहे म्हणून माहेरी आली. रेजी रोज कचेरीत येत राहिला, कारण तो घरी बसला असता तर म्हातारीने तेव्हाच ताडलं असतं. अम्मच्चीच्या फोनमध्ये रेजीनेच ॲप घालून दिलं होतं, पण त्या फोनचा विचार कोणी केला नाही. तो जोयमोनशी बोलायचा फोन, एवढंच सगळ्यांच्या डोक्यात.

दुसऱ्या दिवशी सलालाच्या मल्याळी मंडळाच्या सेक्रेटरीने तिथून बातमी भरली, फोटोसकट. बिचाऱ्याने मायेनेच केलं. आमच्याकडे आखाताच्या बातम्या वेगळी माणसं बघतात. त्यांना काही माहीत नव्हतं, त्यांनी ती पुढे सोडली. माझा फोन हलकेच वाजला. उघडून बघते तर जोयमोन हसतोय, गळ्यात टाय बांधलेला, गाव अयर्कुन्नम. मी जिन्याकडे धावले, तर रेजी वरून उतरतच होता.

गाडीत तो एकच घोकत होता. “दुपारी झोपते ती, चेची. फोन स्वयंपाकघरात असतो. झोपली असेल.”

अम्मच्ची झोपली नव्हती. स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून फणसाच्या आठळ्या सोलत होती. फोन खिडकीत पालथा. जॉली पुढच्या खोलीत कोणाशी तरी दबक्या आवाजात बोलत होती.

“आज सूर्य कुठे उगवला? वत्सलेला घेऊन आलास? बस गं, काळा चहा टाकते.”

रेजीने श्वास सोडला. मीही सोडला. चहा टाकता टाकता म्हातारी म्हणाली, “जोयमोनला सांग, कप्पाचे कंद चिरून वाळवून ठेवलेत. कोणी जाणारं असेल तर पाठवता येतील.”

“सांगतो,” रेजी म्हणाला. आणि सहज म्हणून त्याने फोन उचलला. “बघू, ॲपमध्ये काही नवीन घालायचंय.”

चरममचं पान उघडून तो तसाच उभा राहिला. मग त्याने फोन माझ्यापुढे धरला. बाकीची नावं ठळक काळी होती. जोयमोनचं फिकं झालं होतं.

रेजीने फोन होता तसा पालथा ठेवला. अम्मच्ची आमच्याकडे पाठ करून साखर शोधत होती, आणि साखरेचा डबा तिच्या हाताशीच होता. आम्ही चहा प्यालो.

फाटकाशी आल्यावर मी म्हटलं, “रेजी, आत जा आणि तिला जवळ घे.”

“ती लपवतेय, चेची. मला कळलंय हे तिला कळलं, तर तिला धरून राहायला काय उरेल?”

मला त्या घराचा संताप आला. आमच्या या रीतीचाही आला. एका छपराखाली सगळे एकच दुःख गिळून बसले होते आणि एकमेकांना जेवायला वाढत होते.

मृतदेह आला त्या सकाळी अंगण माणसांनी भरलं. सांगायचं काम फादरवर होतं. ते अम्मच्चीसमोर खुर्ची ओढून बसले, घसा साफ केला.

“एलिक्कुट्टी, देवाची इच्छा...”

“ठाऊक आहे, फादर. आणा त्याला आत.”

जॉलीने तोंडावर हात घेतला. “कोणी सांगितलं तुला?”

अम्मच्चीने रेजीकडे पाहिलं. “याच्या पेपरने.”

रेजी पुढे झाला. “मग बोलली का नाहीस, अम्मच्ची?”

“तुम्ही सगळे माझ्यासाठी इतकी धडपड करत होता. मोडवेना.” तिने त्याचा हात धरला. तिच्या आवाजात राग मुळीच नव्हता, आणि तेच मला ऐकवेना. “अक्षर चांगलं मोठं केलंस रे मोने, माझ्या लेकरा. चष्मासुद्धा लागला नाही. फक्त वाचताना जवळ कोणी बसलेलं नव्हतं.”

रेजी तिथेच जमिनीवर, तिच्या पायाशी बसला.