चेअरमनचं साटंलोटं

आमचे चेअरमन सरकारी कागद कधी उभ्याने वाचत नसत. कागद घेऊन पाटील येवो की पुण्याच्या कचेरीतला साहेब येवो, ते आधी करवत बाजूला ठेवत, हात धोतराला पुसत, खुर्चीत बसत, चष्म्याची दोरी कानामागे गुंडाळत आणि मोठ्याने वाचायला लागत. जावक क्रमांकापासून सहीपर्यंत. मग कागद उलटा करून मागची बाजू. मागे काही छापलेले नसले तर "मागं कोरा" असे जाहीर करूनच कागद खाली ठेवत. तोवर आणणारा उभा. कारण भोसरीच्या आमच्या तरुण मंडळाकडे खुर्ची एकच, आणि ती त्यांनी स्वतःच्या हाताने केलेली. त्या खुर्चीमुळेच त्यांना चेअरमन नाव पडले. निवडणूक-बिवडणूक काही झाली नव्हती.

धंदा सुतारकीचा. आधी गाड्यांची चाके करत, पुढे पिंपरीला कारखाने उभे राहिले तशी माल भरायची लाकडी खोकी करू लागले. पन्नाशी उलटली होती. "तरुण मंडळात म्हातारा कशाला?" असे कोणी टोचले की म्हणत, "मंडळ तरुण हाय. मी कुठं म्हन्तोय मी हाय?"

मी मंडळात आलो तेव्हा माझ्याजवळ एकच विद्या होती, पत्रके लिहायची. पहिलेच पत्रक मोठ्या ऐटीत त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी पुढून वाचले, मागून पाहिले. "पत्रकराव, धिक्कार चार ठिकानी हाय. मागनी कुठं हाय?" मी म्हटले, मागणी सगळ्यांना ठाऊकच आहे. "सायबाला ठावं न्हाई. आन् ठावं असली तरी लिवल्याबिगर त्याला आठवायची न्हाई." मला राग आला होता. आज लिहिताना पहिल्या ओळीतच मागणी टाकायची सवय आहे ती त्या रागाची.

तर गोष्ट त्या परिपत्रकाची. सरकारने तरुणांच्या श्रमशिबिरांना मदत द्यायला सुरुवात केली होती. परदेशचे चार तरुण गावात चार आठवडे राहणार, गावच्या तरुणांबरोबर बांधकाम करणार, जेवणखाण आणि सामान सरकारी मदतीतून. आम्ही शाळेच्या खोलीसाठी अर्ज केला. मंजुरीच्या कागदावर योजनेचे नाव होते, 'आंतरराष्ट्रीय युवक विनिमय'. चेअरमन पारावर बसून वाचत होते, ते 'विनिमय'पाशी अडले. गुरुजींकडचा कोश आणवला. कोशात निघाले, अदलाबदल. चेअरमननी मान हलवली आणि पारावरच्या मंडळींना सांगून टाकले, "म्हंजे आपलं साटंलोटं."

झाले. आमच्या भागात साटंलोटं म्हणजे काय हे कोणाला सांगावे लागत नाही. त्या घरची लेक या घरात सून, या घरची लेक त्या घरात. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन बाप मंडळातून आपापल्या पोरी काढून घ्यायला हजर. म्हातारे गेनबा तर घोंगडी झटकून सरळ मुद्द्यावर आले. "गोरी सून मला चालंल, चेअरमन. पर आमची पोर बोटीत बसवून कंच्या घरी द्यायची? कूळ काय? आडनाव काय?"

चेअरमन घरोघर फिरले. प्रत्येक उंबऱ्यावर एकच वाक्य. "लगीन न्हाई. लगीन सोडून बाकी साटंलोटंच. त्येंची एक येनार, मंग आपली एक जानार, शिकून, बघून परत येनार. माझा शबुद." हा शब्द त्यांनी मनचा दिला नव्हता. कागदाच्या मागच्या बाजूला नियम छापलेला होता: यजमान मंडळाने निवडलेला एक कार्यकर्ता परतीच्या तुकडीत जाईल. पुढची बाजू वाचून खूश झालेल्यांना तो दिसला नव्हता, आणि त्यांत मीही होतो.

पाहुणे आले. त्यांत डेन्मार्कची इंगा होती. उन्हाने दोन दिवसांत अशी लाल झाली की गावच्या म्हाताऱ्यांनी तिचे नाव इंगळी ठेवले. ती राहिली मंजुळाच्या घरी. मंजुळाचे वडील रत्नागिरीकडून येऊन पिंपरीच्या एका कारखान्यात हमाली करत होते. मंजुळा सातवीची फायनल पास झालेली, एकवीस वर्षांची, मुलींचा वर्ग चालवायची. चेअरमननी तिच्या हातात भिंत सरळ उभी आहे का ते बघायचा ओळंबा दिला होता. इंगाने एक कोपरा हौसेने चढवला. मंजुळाने ओळंबा सोडला, बोटाने तीन थर दाखवले आणि खूण केली, काढ. मी कळवळून म्हटले, "अगं, पाहुणी आहे." चेअरमन शिडीवरून म्हणाले, "ओळंब्याला पाव्हना कळत न्हाई." इंगाने तीनही थर उतरवले. तेव्हापासून त्या दोघी एकमेकींना सोडेनात. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती आणि बडबड मात्र दिवसभर चालायची.

भिंती उभ्या राहिल्या. साहेबांनी भाषण केले. मंडळाने ठरावाने मंजुळाचे नाव परतीच्या तुकडीसाठी पाठवले. गेनबांनी हात वर करून मत दिले, आणि घरी जाताना तिच्या वडिलांना म्हणाले, "थंडी लई आसंल तिकडं. घोंगडी माझी ने."

काही महिन्यांनी कचेरीचे पत्र आले. 'आपल्या मंडळाचे प्रतिनिधी श्री. अमुक यांची निवड झाल्याबद्दल मंडळाने अभिनंदनाचा ठराव करून पाठवावा.' हे श्री. अमुक म्हणजे पुण्याच्या कॉलेजातला एक मुलगा. शिबिराला तो एकदा आला होता, रिकामे घमेले डोक्यावर धरून फोटो काढून घेतला होता, आणि जेवून गेला होता. तो कोणाचा कोण होता ते मी इथे लिहीत नाही. तुम्हाला असे मुलगे माहीत आहेत आणि ते कोणाचे असतात तेही.

मी तासाभरात पत्रक लिहिले. धिक्काराने सुरू होऊन धिक्काराने संपणारे. चेअरमननी ते घडी करून खिळ्यांच्या खोक्यात ठेवले. "आधी जाऊन येऊ."

आम्ही तिघे सकाळच्या गाडीने पुण्याला गेलो. चेअरमन, मंजुळा आणि मी. साहेब गोड बोलणारे होते. त्यांनी मंजुळाला बसायला सांगितले, चहा मागवला. म्हणाले, "मुलगी गुणाची आहे हो. पण इंग्रजीचा गंध नाही. चार लोकांत देशाची अब्रू असते."

"सायेब, इंगळीला मराठीचा गंध हुता का?" चेअरमन म्हणाले. "चार आठवडं आमच्यात ऱ्हायली. आमी तिच्या देशाची अब्रू काढली का?"

"तसं नाही. विनिमय हा शब्द इतका शब्दशः घ्यायचा नसतो. ते एक तत्त्व आहे."

चेअरमननी परिपत्रक काढले. पण वाचले नाही. मांडीवर ठेवले आणि हळू आवाजात विचारले, "आमच्यात साटंलोटं ठरवून दुसऱ्याची पोर घरात आनली आन् आपली दिली न्हाई, तर त्याला काय म्हन्त्यात, सायबास्नी ठावं हाय?"

साहेबांनी घड्याळाकडे पाहिले.

"पळवली म्हन्त्यात."

साहेबांचा आवाज बदलला. ते म्हणाले, शाळेच्या छपराची मदत अजून निघायची आहे. ठराव द्या, छप्पर घ्या, मुलीला प्रशस्तिपत्रक देऊ, पुढच्या वेळी बघू. मी तोंड उघडणार तोच चेअरमननी माझ्या गुडघ्यावर हात दाबला आणि मंजुळाकडे पाहिले. "तुजं तू सांग, बाय."

मंजुळाने चहाची बशी टेबलावर ठेवली. चहा तिने घेतला नव्हता. "ठराव खोटा आहे," ती म्हणाली. "तो मुलगा आमच्या मंडळाचा नव्हेच. मी नाही गेले तर नाही गेले. पण मी गेले नाही असंच लिहायचं."

ठराव आम्ही दिला नाही. कुठल्याशा दुसऱ्या मंडळाने दिला आणि तो मुलगा गेला. आमची छपराची मदत अडली. मग गाव बोलू लागला, आणि गावाचेही चुकले असे मी म्हणणार नाही. उघड्या भिंतींत पोरे उन्हात बसत होती. पारावर एकाने तोंडावर सुनावले, "एका पोरीपायी शाळंचं छप्पर घालवलंस, चेअरमन."

"छप्पर मी घालतो," चेअरमन म्हणाले. "शबुद कोन घालनार?"

त्यांनी छप्पर घातले. कारखान्यांनी टाकून दिलेली फुटकी खोकी गोळा केली, फळ्या सरळ केल्या, वर डांबर चढवले. आतून आजही त्या फळ्यांवर काळ्या रंगात 'काच आहे, सांभाळा' असे छापलेले दिसते. पहिलीची पोरे गुरुजींच्या काळ्या फळ्यावरच्या अक्षरांआधी ती अक्षरे वाचायला शिकतात.

आणि दर वर्षी योजना जाहीर झाली की चेअरमन कचेरीला एकच अर्ज करत. मी तो सुधारून द्यायला जायचो, ते सुधारू देत नसत. 'तुमची एक आली. आमची एक जायची राहिली आहे. नाव कुमारी मंजुळा. कळावे.' उत्तर कधी आले नाही. ज्या वर्षी पोचसुद्धा आली नाही त्या वर्षी मी म्हणालो, आता पुरे. खोक्याला खिळा ठोकता ठोकता ते म्हणाले, "त्यांनी इसरावं म्हनूनच त्ये गप ऱ्हात्यात. आपून इसरलो की त्येंचं काम झालं, राव." माझे ते धिक्काराचे पत्रक खिळ्यांच्या खोक्यात तसेच घडी घातलेले होते. मी मागितले तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. त्येच्यानं खिळं गंजत न्हाईत."

गेल्या थंडीत ते गेले. छातीचे दुखणे होते, कोणाला सांगितले नव्हते. त्यांच्यामागे मंडळाने खरीखुरी सभा घेतली, हात वर करून मंजुळाला चेअरमन निवडले. गेनबांना आता नीट दिसत नाही, पण त्यांनी दोन्ही हात वर केले. एक मत बाद धरावे लागले.

परवा कचेरीतून नवे साहेब आले. तरुण, सरळ वाटणारे. या वर्षी परदेशचे पाहुणे पुन्हा भोसरीला पाठवायचा विचार आहे, जुने शिबिर फार नावाजले होते, असे म्हणाले. मंजुळा शाळेच्या पायरीशी त्याच खुर्चीत बसली होती. तिने कागद घेतला आणि मोठ्याने वाचायला लागली. जावक क्रमांकापासून. मग उलटा केला. मागच्या बाजूला वयाची अट होती, पंचवीस पुरी झालेली नसावीत. त्या ओळीवर तिने बोट ठेवले. तिची पंचवीस मागच्याच महिन्यात पुरी झाली होती. मग शेवटच्या ओळीपर्यंत वाचून तिने कागद मांडीवर ठेवला.

"एक जायची राहिली आहे," ती म्हणाली. "माझं वय आता बसत नाही. लोहाराची पारू जाईल. अठरा वर्षांची आहे, ओळंबा धरते, इंग्रजी येत नाही. ती बोटीत बसली की तुमचे पाहुणे येऊ देत. हे आत्ता लिहून द्या."

साहेबांनी खिशातून पेन काढले आणि बसायला काही आहे का म्हणून इकडेतिकडे पाहिले. मी जागचा हललो नाही.

"भिंतीवर धरून लिहा, साहेब," मंजुळा म्हणाली. "ओळंब्यात आहे."