ओटी, कॅमेरा आणि मिटलेले डोळे

छायाचित्रणावर मी लेख लिहितो. छायाचित्रे काढण्याचा योग मात्र फारसा येत नाही.

संस्कृतच्या अध्यापनातून निवृत्त झालो, तेव्हा मुलाने कॅमेरा आणून दिला. त्याची माहितीपुस्तिका मी उपनिषदाच्या श्रद्धेने वाचली (श्रवण, मनन, निदिध्यासन सर्व झाले, प्रयोग तेवढा राहिला!) आणि नांदेडच्या एका साप्ताहिकात नवशिक्यांसाठी उपयुक्त लेख लिहू लागलो. साहजिकच लातूरजवळच्या मुरुडला पुतणी मंजिरीचा साखरपुडा ठरला, तेव्हा धाकट्या बंधूने फोटोग्राफर सांगितलाच नाही. घरात तज्ज्ञ असताना कशाला?

नियोजित जावई निखिल याच्या मातोश्री पाय मोडून शिरूर अनंतपाळला अंथरुणावर होत्या. सुनेची ओटी स्वहस्ते भरण्याची त्यांची फार इच्छा. आता ती निखिलची आत्या भरणार होती. "निदान तेवढा फोटो तरी धाडा," एवढेच विहीणबाईंचे मागणे.

पाहुण्यांचे मोबाईल मध्ये येऊ नयेत, असे मी लेखात बजावले होते. म्हणून सर्वांचे मोबाईल पिशवीत ठेवायला लावले. आत्यांनी नारळ उचलला, मी नेम धरला, आणि गुरुजींनी मंत्र आरंभला!

मंत्र कानी पडताच हात जोडावेत व नेत्र मिटावेत, ही बालपणापासूनची सवय. कॅमेरा छातीवर लोंबकळला. डोळे उघडले, तेव्हा ओटी भरून झाली होती व मंडळी पेढे खात होती.

"अण्णा, आला का फोटो?" बंधूने विचारले.

"मंत्र फार सुस्वर झाले."

"अहो, मंत्राचं राहू द्या, फोटो दाखवा!" आमच्या सौभाग्यवती कडाडल्या.

पुन्हा ओटी भरायचे ठरले. गुरुजी वैतागले, "ओटी म्हंजी काय नाटकाची तालीम हाय का? बरं, आता मी तोंडच उघडत न्हाई!"

या वेळी मी नेत्र सताड उघडे ठेवले. तोच मंजिरी वाकून माझ्याच पाया पडली. "अखंड सौभाग्यवती भव!" माझा उजवा हात आशीर्वादासाठी वर गेला, त्याच हातात कॅमेरा होता, आणि बटणही दाबले गेले.

निखिलने पिशवीतला मोबाईल काढून घाईघाईत ते छायाचित्र कॅमेऱ्यातून त्यावर घेतले आणि न पाहताच आईला धाडले. लगेच फोन आला.

"निखिल, पंखा लई चांगला हाय रे. सून कुठाय?"

मंजिरी उठली. "काका, चला. सासूबाईंना ओटी त्यांच्या हातानंच भरू द्या."

आम्ही गुरुजींसकट गाडीत बसून शिरूरला पोहोचलो. उशीला टेकून विहीणबाईंनी मंजिरीला जवळ घेतले, ओटी भरली, तिच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटे मोडली. खोलीतले सगळेच हसत होते, डोळे पुसत होते. गुरुजी तोंडावर उपरणे दाबून उभे. मी सज्ज!

तेवढ्यात विहीणबाईच म्हणाल्या, "देवा, लेकरं सुखात ठेव."

"तथास्तु!" मी हात जोडले.

डोळे उघडले तर सर्वजण माझ्याकडे पाहत होते.

विहीणबाईंना हसू आवरेना. "अण्णा, लग्नात असं करा, मंत्र तुम्ही म्हणा. फोटो गुरुजींना काढू द्या."

गुरुजींनी तत्काळ होकार दिला. त्यांनी माझा एकही लेख वाचलेला नाही, आणि विहीणबाईंना त्यांची एवढी पात्रता पुरेशी वाटली!