पाय लागला की नमस्कार

मुलींना फुटबॉल शिकवायला मला फार तर सहा महिने लागले. पाय लागला की नमस्कार करायची त्यांची सवय मोडायला मी तीन वर्षं घालवली, आणि ती पुरती मोडली नाहीच. लोक मला अजून विचारतात, त्या काळात नगरसारख्या ठिकाणी मुलींचा संघ उभा करताना केवढा विरोध झाला असेल. झाला. पण विरोध करणाऱ्याशी भांडता येतं, आणि भांडायला मी कधी कमी पडले नाही. मला खरा वैताग आणला तो माझ्याच मुलींनी.

एकाहत्तर साली मी नगरच्या एका कॉलेजात मुलींच्या खेळांची शिक्षिका म्हणून रुजू झाले. माझं काम म्हणजे रिंग टेनिस, लेझीम आणि स्नेहसंमेलनात मुलींना रांगेत उभं करणं. मुंबईला शारीरिक शिक्षणाचा कोर्स करताना मी फुटबॉल खेळले होते, दोन्ही गुडघे फोडून घेतले होते, आणि रिंग टेनिसची ती रबरी कडी बघितली की मला जांभई यायची. फुटबॉल नगरला नवा नव्हता. कॅम्पात लष्करातले जवान रोज संध्याकाळी खेळायचे आणि गावातली पोरं कुंपणापाशी उभी राहून बघायची. मुलींनी खेळावं हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मी प्राचार्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, करून बघा, पण माझ्या कानावर तक्रार येता कामा नये. ही परवानगी आहे असं मी धरून चालले.

मैदानाचा चांगला भाग मुलांच्या क्रिकेटकडे होता. आम्हाला मागचा मुरमाड तुकडा मिळाला. दर शनिवारी खेळण्याआधी मुली ओच्यात दगड वेचायच्या आणि पुढच्या शनिवारी तितकेच दगड पुन्हा हजर असायचे, ते कुठून यायचे देव जाणे. पोशाखावर तीन बैठका झाल्या आणि शेवटी सलवार आणि सैल शर्टावर तडजोड झाली. एकच चेंडू होता. त्याची शिवण दर पंधरा दिवसांनी उसवायची आणि मी तो पिशवीत घालून एस.टी. स्टँडजवळच्या चांभाराकडे न्यायची. दुसऱ्या वर्षी दुष्काळ पडला. जमिनीला भेगा गेल्या, हॉस्टेलच्या निम्म्या मुली आठवडेच्या आठवडे घरी जाऊन बसल्या, आणि एकदा तर चेंडू भेगेत असा अडकला की आम्ही तो हातांनी उपसून काढला. हे सगळं मी सोसलं. याच्यावर उपाय तरी होते.

नमस्काराला उपाय नव्हता. आपल्या घरात लहानपणापासून जे शिकवतात तेच या मुली करायच्या. कुणाला पाय लागला की लगेच वाकायचं, त्या माणसाला हात लावायचा आणि तो हात कपाळाला किंवा छातीला न्यायचा. घरात ठीक आहे. फुटबॉलमध्ये एका तासात शंभर वेळा पाय लागतो. एक मुलगी चेंडू घेऊन सुसाट निघाली आहे, दुसरी आडवी आली, पाय पायाला लागला, की दोघी जागच्या जागी थांबणार आणि एकमेकींना नमस्कार करणार. तोवर चेंडू आपला एकटा घरंगळत सीमेपार. गावातल्या मुसलमान घरातली एक मुलगी आमच्याकडे उजव्या बाजूला खेळायची, फार चपळ. मला वाटलं निदान हिला तरी हे नसेल. तीही थांबायची. म्हणायची, बाई, पाय लागल्यावर माफी मागायचीच असते ना.

मी समजावून सांगितलं. मैदान म्हणजे घर नव्हे, इथे पाय हेच अवजार आहे, सुतार लाकडाची माफी मागत नाही. त्यांनी माना डोलावल्या आणि पाच मिनिटांत पुन्हा वाकल्या. मग मी शिक्षा लावली, एका नमस्काराला मैदानाची एक फेरी. त्याचा परिणाम असा झाला की खेळायला कुणी उरेना, सगळ्या फेऱ्या मारताहेत. मी ओरडून ओरडून आवाज घालवला. घरी आई हळदीचं दूध देऊन म्हणायची, तू मुलींना शिकवतेस की गुरं वळतेस.

शेवटी मला एक युक्ती सुचली. खेळ सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी समोरासमोर उभं राहायचं आणि तासाभरात जेवढे पाय लागतील त्या सगळ्यांचा मिळून एकच नमस्कार करून टाकायचा. आगाऊ. सांगताना मलाच स्वतःची लाज वाटली, पण ते चाललं. मुलींना पटलं. त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या मुरमावर फुटबॉलसारखं काहीतरी झालं.

एकीला मात्र पटलं नाही. ती मिरजगावची. अंगानं भरलेली, कमी बोलणारी, गोलसमोर उभी राहिली की तिच्या बाजूनं कुणी आत शिरू शकत नसे. माझ्या सगळ्या नोकरीत तिच्यासारखी बचाव करणारी मुलगी मला पुन्हा मिळाली नाही. तिनं रांगेत उभं राहून हात जोडायला साफ नकार दिला. म्हणाली, "चूक व्हायच्या आदी माफी कशी मागायची, बाई? ती खरी नसती." मी म्हटलं, सगळ्यांना चालतं मग तुलाच काय झालं. ती आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. आणि खेळताना पाय लागला की बाकीच्या दहाजणी धावताहेत आणि ही एकटी वाकली आहे. मी तिला संघातून काढायची धमकी दिली. ती धमकी पोकळ होती आणि ते दोघींनाही माहीत होतं.

तिला काढता येत नव्हतं याला आणखी एक कारण होतं. खेळाडू म्हणून तिला हॉस्टेलमध्ये फुकट जागा होती. ती जागा गेली असती तर वडिलांनी तिला त्याच दिवशी परत नेलं असतं. त्यांनी तिला पाठवलं तेच कुरकुरत, आणि घरी लग्नाची बोलणी सुरू असल्याचं ती मला एकदा सांगून गेली होती. तिला बी.ए. पूर्ण करायचं होतं. दोन वर्षं उरली होती.

दुष्काळ सरला आणि तक्रार प्राचार्यांच्या कानावर आलीच. संस्थेचे एक जुने विश्वस्त होते, राहुरीकडचे बागायतदार, पागोटंवाले. त्यांना गावात कुणीतरी सांगितलं की तुमच्या कॉलेजात पोरींना लाथा मारायला शिकवतात. ते तडक प्राचार्यांच्या खोलीत आले. बरीच वादावादी झाली, मीही आत जाऊन बोलून आले, आणि शेवटी असं ठरलं की हिवाळ्यात एक सामना विश्वस्तांसमोर व्हावा. तो बघून संघ ठेवायचा की नाही ते ठरवतील. प्राचार्य मला म्हणाले, सामना नीट पार पाडा म्हणजे झालं.

मी मैदानावर आले, मुलींना जवळ बोलावलं आणि सांगितलं की हरलात तर संघ बंद. असं कुणीच म्हटलेलं नव्हतं. पण नीट पार पाडा म्हटल्यावर या मुलींनी नीट वाकून नमस्कारच केले असते. त्यांच्यात जरा ईर्षा यावी म्हणून मी ते बोलले. मिरजगावची समोरच उभी होती.

माझ्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण पुण्याकडच्या एका कॉलेजात होती आणि तिनंही हट्टानं संघ जमवला होता. तो संघ सकाळच्या एस.टी.नं आला. पंच म्हणून कॅम्पातले एक सुभेदार आले. प्राचार्य आणि विश्वस्त खुर्च्या टाकून बसले, आणि क्रिकेटवाली मुलं, हॉस्टेलच्या मुली, शिपाई, कोपऱ्यावरचा चहावाला, सगळे भोवती उभे. आमच्या मुलींनी आगाऊ नमस्कार केला. पुण्याच्या मुली एकमेकींकडे बघून हसल्या, पण त्यांनीही हात जोडले.

पूर्वार्धात गोल झाला नाही. आमच्या मुली जिवाच्या आकांतानं खेळत होत्या, आणि मिरजगावची अधूनमधून वाकत होती. उत्तरार्धात शेवटची थोडी मिनिटं उरली असताना पाहुण्यांची एक उंच मुलगी मधून चेंडू घेऊन घुसली. समोर मिरजगावची. काय झालं ते धुळीत नीट दिसलं नाही. दोघी भिडल्या, उंच मुलगी कोसळली, चेंडू सुटा झाला आणि आमच्या मुलीच्या पायापासून दोन पावलांवर येऊन थांबला. एक लाथ घालून तो लांब टोलवायचा, बस. आणि ती वळली, खाली बसली, पडलेल्या मुलीच्या पायाला तिनं हात लावला आणि डोकं टेकवलं. नेहमीसारखा हात लावून छातीला नेला असं नाही, चांगलं डोकं टेकवलं. पाहुण्यांची दुसरी मुलगी धावत आली आणि तिनं चेंडू गोलात घातला. सुभेदारांनी खेळ थांबवला नव्हता, त्यामुळे गोल धरला गेला.

आम्ही एका गोलानं हरलो. शिट्टी झाल्याबरोबर मी मैदानात गेले आणि सगळ्यांसमोर तिला बोलले. इतके दिवस मी दगडाशी बोलत होते म्हणाले. तुझ्या एका नमस्कारानं सगळ्यांचं वाटोळं केलंस म्हणाले. याहून वाईटही बोलले, ते इथे लिहीत नाही. ती मान खाली घालून ऐकत राहिली आणि मग हॉस्टेलकडे निघून गेली.

इकडे विश्वस्त उठले होते. मी मनात भांडणाची तयारी करत खुर्च्यांपाशी गेले. ते प्राचार्यांना सांगत होते, "पोरगी पाय लागला म्हनून वाकली. गोल झाला तरी वाकली. रीत सोडली न्हाई. असं असंल तर चालू द्या." प्राचार्य हसत माझ्याकडे बघून मान हलवत होते, जणू हा त्यांचाच विचार होता. मुली ओरडायला लागल्या, एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मला आनंद व्हायला हवा होता. मला इतका संताप आला की कुणीतरी हातात दिलेला चहाचा कप मी तसाच खाली ठेवला. तीन वर्षं मी जी गोष्ट मोडायला धडपडले तिच्यावरच माझा संघ पास झाला होता.

पण ज्या मुलीला हे कळायला हवं ती तिथे नव्हती, म्हणून मी हॉस्टेलवर गेले. ऊन उतरलं होतं. तिच्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं. कॉट रिकामी, भिंतीवरचे कपडे काढलेले. पत्र्याची ट्रंक बंद करून दाराशी ठेवली होती आणि वळकटी सुंभानं बांधून तिच्यावर ती बसली होती. मला बघून उठली. म्हणाली, "यष्टी साडेसहाला हाय, बाई. सोलापूरची, मिरजगावावरनं जाती."

मी तिला सांगितलं की कुठे जायचं नाही, संघ चालू राहणार, हॉस्टेलची जागाही राहणार. विश्वस्तांना तुझा नमस्कार आवडला. सांगतानाही माझा आवाज चिडलेलाच होता. मला वाटलं ती हसेल किंवा रडेल. तिनं दोन्ही केलं नाही.

"बाई, तिला चुकून पाय न्हाई लागला. मी मुद्दाम मारली लाथ. घोट्यावर."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा मी तिला विचारलं की मुद्दाम मारायची होती तर मारून चेंडू घ्यायचा, वर वाकायचं कशाला.

"मुद्दाम मारली म्हनून तर वाकले. चुकून लागल्यावर एवढं न्हाई वाटत." तिनं ट्रंकेची कडी पुन्हा नीट लावली. "ती पुढं गेली असती तर गोल झाला असता. तुमी म्हनला हुता ना, हरलो तर बंद. मला घरी न्हवतं जायचं."

खोलीत आम्ही दोघीच होतो. मैदानावरून मुलींचा आरडाओरडा ऐकू येत होता. खेळाडूनं मुद्दाम मारायचं नसतं हे तिला सांगायला हवं होतं, मी शिक्षिका होते. सगळ्यांसमोर बोलल्याची माफी मागायला हवी होती. मला त्यातलं काहीच जमेना. मी खाली बसले आणि वळकटीचा सुंभ सोडायला लागले, आणि गाठीकडे बघतच तिला सांगून टाकलं की हरलो तर बंद असं कुणी म्हटलं नव्हतं. ते माझं मीच म्हटलं होतं, तुम्ही जोरात खेळावं म्हणून.

ती माझ्यासमोर खाली बसली.

"म्हंजी मी तिला उगंच मारली," ती म्हणाली.

गाठ ओल्या हातानं आवळून मारली होती आणि ती सुटता सुटत नव्हती. माझं नख मोडलं. एवढी घट्ट गाठ मारतं का कुणी, म्हणून मी तिच्यावर पुन्हा ओरडले.