खालून चालणारं पाणी

उत्तर न्यू मेक्सिकोतल्या आमच्या खोऱ्यात नदीचं पाणी शेतांपर्यंत आणणारा एकच पाट आहे. ओनोफ्रे लुहान त्याचा पाटकरी. पाळी कुणाची, कुणाचं दार किती उघडायचं, हे तो ठरवायचा. माणूस कष्टाळू आणि सरळ, पण मातीत जिरणारं पाणी त्याला बघवत नसे. उंदराच्या बिळातून पाणी झिरपताना दिसलं, की घरात चोर शिरल्यासारखा तो फावडं घेऊन धावायचा.

"अर्धं पाणी वाटेतच मरतं," तो म्हणायचा. "खालच्यांनी काय धूळ पेरायची?"

सगळ्यात खालचं शेत माझं. त्यामुळे मी जोरात मान डोलवायचो.

सिमेंटसाठी तो बरीच वर्षं लोकांच्या मागे लागला. शेवटी पाट पक्का झाला आणि त्या उन्हाळ्यात पाणी माझ्या लसूणघासापर्यंत खळखळत आलं. शेतकऱ्यांचा कैवारी संत इसिद्रो, त्याच्या सणाला आम्ही त्याची मूर्ती पाटाकाठाने मिरवली, तेव्हा ओनोफ्रे इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांच्या पुढे चालत होता.

पुढच्या वर्षी त्याच्या म्हाताऱ्या आत्याची, प्रेसिलियानाची विहीर आटली. तिचं घर पाटाच्या खालच्या अंगाला.

"पाऊस कमी झालाय, आत्या. येईल पाणी."

"कमी पाऊस मी तुझ्या जन्माआधीपासून बघतेय. विहीर कधी आटली नव्हती."

मग शेजारच्या विहिरी गेल्या. ऐन उन्हाळ्यात पॉप्लरची मोठाली झाडं पिवळी पडली. ओनोफ्रे गाडीतून आत्याकडे पिंपं पोचवू लागला. एकदा मीही गेलो होतो. आत्या घेवडा निवडत होती. भांडी धुतलेलं पाणी तिने पुदिन्याला घालायला बाजूला ठेवलं होतं.

"तू पाटाचं गळणं थांबवलंस, तेव्हापासून हे असं," ती म्हणाली.

"गळणं म्हणजे नासाडी, आत्या."

"नासाडी? मग इतकी वर्षं माझ्या विहिरीत पाणी कोण ओतत होतं? तुझा बाप?"

परतताना ओनोफ्रेने गाडी थांबवली आणि तो पाटाखालच्या उतारावर जाऊन बसला. पूर्वी तिथे चिखलात वाळुंजाची झुडपं माजलेली असायची. आता त्याने मूठभर माती उचलली, तर ती बोटांतून पिठासारखी गळाली.

"बेनितो," तो मला म्हणाला, "पाणी मरत नव्हतं रे. खालून चालत होतं."

देवळाच्या अंगणात बैठक बसली. घरांच्या वरच्या बाजूचं सिमेंट फोडू या, असं ओनोफ्रेने सांगताच गावातला फाकुंदो उसळला. "आधी बांधायला आमचं डोकं खाल्लंस, आता फोडायला निघालास! उद्या नदी उलटी वाहवशील!"

लोक हसले. मी मात्र हसलो नाही. "आणि माझ्या शेताचं काय?" मी विचारलं.

"विहिरी भरेपर्यंत माझी पाळी तू घे."

ओनोफ्रेची जर्दाळूची बाग होती. ती तो पणाला लावतोय, हे सगळ्यांना कळलं. कुरकुरत का होईना, लोकांनी होकाराचे हात वर केले.

पहिल्या दिवशी तो एकटाच घण घालत होता. दुसऱ्या दिवशी फाकुंदो पहार घेऊन आला. "सरक. तुझ्या हाताने नाताळ उजाडेल," म्हणाला. मग बाकीचेही आले. मीही गेलो.

विहिरीत मात्र लगेच काहीच आलं नाही. ओनोफ्रे रोज दोरीला दगड बांधून आत सोडायचा आणि कोरडा दगड वर ओढायचा. "दृष्ट लावशील माझ्या विहिरीला," आत्या ओरडायची. त्या वर्षी त्याची निम्मी बाग वाळली. त्याबद्दल तो कधी बोलला नाही.

पुढच्या वसंतात बर्फ वितळून पाट भरून वाहू लागला, आणि काही आठवड्यांनी दगड ओला आला. आत्याने स्वतः बादली ओढली, आधी स्वतः प्यायली आणि तोंड वाकडं केलं.

"सिमेंटचा वास येतोय."

ओनोफ्रेने घाईने पेला तोंडाला लावला. वास-बीस काही नव्हता. आत्या पदराआड हसावं तशी तोंडावर हात धरून हसत होती. ओनोफ्रे पेला हातात धरून विहिरीच्या कठड्यावर किती तरी वेळ बसून राहिला. त्याचे डोळे भरून आले होते.

पॉप्लरची दोन झाडं काही वाचली नाहीत. माझ्याकडेही पाणी आता कमीच पोचतं. लसूणघास निम्मा काढून तिथे मी कमी पाण्यावर येणारा घेवडा लावतो.