काचेपाशी कोण उभं राहणार

"बटन दाब! अबे, लाल बटन दाब ना कोणी! मशीन खाऊन राह्यली त्याले!"

ही आमची बाई, वर्कशॉपची मालकीण. तिचा आवाज असा, की चंद्रपूरच्या एमआयडीसीत ओरडली तर तिकडं माजरीच्या खाणीत डंपरवाले ब्रेक मारतात. मी चहाचे चार ग्लास घेऊन दारात पोचलो होतो आणि समोर आमची नुकतीच घेतलेली सेकंडहँड मशीन स्वतःलाच चावत सुटली होती. आतलं कापायचं हत्यार चकवर, म्हणजे काम धरणाऱ्या जबड्यावर आदळलं, तुटलं, आणि त्याचा तुकडा दाराची काच फोडून बाहेर आला. काचेपाशी भाऊ होते, आमचे सगळ्यात जुने टर्नर, लेथवर लोखंड कातणारे. ते खाली कोसळले. दोन्ही हातांनी तोंड धरलेलं, बोटांच्या फटींतून रक्त.

बटनाजवळ दुसरा माणूस होता तो सॉफ्टवेअरवाला पुण्याचा साहेब. तो लॅपटॉप पोटाशी कवटाळून टेबलाखाली शिरला होता. बाई शॉपच्या दुसऱ्या टोकाला. तिनं चकची चावी उचलली, माझ्या मनगटाएवढी जाड, आणि फेकली. बाईचं माहेर मासेमारांचं. लहानपणापासून तलावात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून जाळं फेकलेला हात तो. चावी दोन लेथांच्या मधून, पंख्याच्या खालून गेली आणि नेमकी लाल बटनावर बसली. मशीन थांबली. खोटं वाटत असेल तर या, बटनाला पडलेला खड्डा दाखवतो.

भाऊंना एकच डोळा होता. दुसरा तरुणपणीच लेथवरून उडालेल्या तापल्या लोखंडी बुराद्यानं नेला होता. आणि रक्त येत होतं ते नेमकं उरलेल्या डोळ्याच्या बाजूनं.

आता माझी करणी सांगतो.

ही मशीन म्हणजे साधा लेथ नव्हे. समोरासमोर दोन चक, वर हत्यारं, खाली हत्यारं, शिवाय हवं तसं मान वाकवणारं एक डोकं. सगळं एकाच वेळी चालतं. एका पोत्यात चार रानडुकरं कोंबली तर पोतं जसं दिसेल, तशी ती आतून दिसते. हिचा प्रोग्राम हातानं लिहायला बसलो असतो तर मी म्हातारा झालो असतो आणि खाणीच्या पंपाचा शाफ्ट, म्हणजे लोखंडी दांडा, तसाच राहिला असता. म्हणून सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं, आणि कोणतं ते निवडायचं काम माझ्याकडं आलं. मी मूळचा धानोऱ्याचा, गडचिरोलीत आयटीआय केलेला, आणि चंद्रपुरात स्वतःला इंजिनिअर म्हणवून घेणारा.

आधी नागपूरचा एक जण आला, पायात चपला. त्याचं सॉफ्टवेअर दिसायला तहसील कचेरीच्या फॉर्मसारखं, आणि चालायलाही तसंच. मग पुण्याचा साहेब आला. त्यानं पडद्यावर आमचीच मशीन फिरवून दाखवली. चक चमकतोय, पाणी उडतंय, हत्यारं एकमेकांना वाट देत नाचतायत. वर मला 'सर' म्हणाला. आमच्या धानोऱ्याकडच्या माणसाला कोणी ओळीनं तीनदा सर म्हटलं, की त्याची अक्कल मोहफुलासारखी टपकन गळून पडते.

नागपूरवाला जाताजाता म्हणाला होता, "त्याले एवढंच विचारा. पडद्यावर जे फिरते ते मशीनले जाणाऱ्या कोडावरून फिरते, का कोड बनायच्या आधीच्या चित्रावरून?"

मी म्हटलं, "काऊन बे, जळून राह्यला काय?"

विचारलं नाही. पुण्याचंच घेतलं.

आमच्या शॉपचा एक कायदा आहे. प्रोग्राम ज्याचा, पहिल्या पीसला काचेपाशी तोच उभा. बाईनं नारळ फोडायचा आणि लिहिणाऱ्यानं काचेला नाक लावून, बोट लाल बटनावर ठेवून उभं राहायचं. त्यामुळं आमच्याकडं प्रोग्राम लिहिणारे सगळे फार देवभोळे. त्यात ती काच! मूळची जाड प्लास्टिकची धुरकट झाली होती, भाऊंना एका डोळ्यानं आतलं दिसेना, म्हणून आम्हीच फोटो फ्रेमवाल्याकडून साधी काच कापून आणून बसवली होती. मोठ्या प्रेमानं. एकदम लख्ख.

त्या दिवशी खाणीच्या पंपाचा शाफ्ट लावला होता. भाऊ म्हणाले, "एकेक ओळ चालवा. हळू."

साहेबानं वेगाचं गोल बटन शंभर टक्क्यांवर नेलं. "काका, स्क्रीनवर दहा वेळा पाहिलंय. बिनधास्त चालवा."

प्रोग्राम माझ्या नावाचा, कायदा माझ्यासाठी. मी म्हटलं, "साहेबांसाठी च्या घेऊन येतो."

भाऊंनी माझ्याकडं पाहिलं. सगळं कळलं त्यांना. "जाय," म्हणाले, "मी उभा राह्यतो."

पुढचं तुम्हाला माहीत आहे.

भाऊंना गाडीत घालून दोघं जण दवाखान्यात पळाले. इकडं बाईनं साहेबाला टायला धरून टेबलाखालून ओढून काढलं. "माह्या माणसाचा डोळा दे! कोणत्या फोल्डरात ठेवला तू तो? काढ!"

"मॅडम, सिम्युलेशनमध्ये असं येत नव्हतं..."

बाईनं लॅपटॉप ऐरणीवर ठेवला आणि घण उचलला. पहिल्या घावात पडदा गेला, दुसऱ्यात कीबोर्डची अक्षरं उडाली. त्यातलं एक अजून छताच्या पत्र्यात रुतलेलं आहे. तिसरा घाव साहेबावर पडणार होता, पण वेल्डरनं तिचा हात मागून धरला, आणि तिनं वेल्डरलाच घणासकट फिरवलं. साहेब जो सुटला तो वरोऱ्यापर्यंत थांबला नसणार. मग ती माझ्याकडं वळली.

"अन् तू कुठी होता?"

"च्या आणाले."

चारही ग्लास तोवर माझ्या हातात भरलेलेच होते, एक थेंब सांडला नव्हता. एका थापडीत ते भिंतीवर गेले आणि मी कुलंटच्या, मशीन गार ठेवायच्या पाण्याच्या टाकीत.

टाकीतून निघालो आणि कोड वाचत बसलो. समोरचा चक शाफ्ट धरायला पुढं येतो, तोवर खालच्या हत्यारानं थांबायचं असतं. थांबण्याची ती एक ओळ. पडद्यावरच्या नाचात ती होती. मशीनच्या भाषेत उतरताना गळाली होती. आम्ही नाच पाहिला होता, कोड कोणीच पाहिला नव्हता.

तुकडा भुवईत शिरला होता. भाऊंच्या डोळ्यावर पट्टी. दिसेल की नाही, डॉक्टर सांगेनात. बाई मला रोज शिव्या देऊन दवाखान्यात पाठवायची. मी पलंगाशेजारी बसायचो. भाऊंनी उठून चार लाथा घातल्या असत्या तर मला बरी झोप लागली असती. पट्टी सुटली त्या दिवशी मी विचारलं, "काई दिसून राह्यलं का भाऊ?"

"तुह्यं थोबाड."

मी तिथंच रडलो. नर्सनं हाकललं.

मग नागपूरवाल्याच्या पाया पडून त्याला परत बोलावलं. त्याच्या सॉफ्टवेअरनं तयार केलेल्या कोडातून ती थांबण्याची ओळ मी स्वतः खोडली आणि त्याच्या फॉर्मसारख्या पडद्यावर चालवून पाहिलं. नेमक्या त्याच जागी टक्कर दाखवत पडदा लालभडक झाला. दुसरी ओळ खोडली, तिथंही लाल. दिवसभर मी खोडत होतो आणि तो लाल होत होता. तेच घेतलं. जुनी धुरकट प्लास्टिकची काच परत बसवली.

भाऊ कामावर आले त्या दिवशी बाईनं नारळ असा आपटला की करवंटी शेजारच्या शेडमध्ये सापडली. शाफ्ट लागला. मी भाऊंजवळ जाऊन म्हटलं, "भाऊ, हे एकदम पक्कं आहे. मशीनले जाणारा कोडच तपासते. आता काईच होत नाई."

भाऊंनी खिशातून रुमाल काढला, डोळा पुसला.

"मंग तू उभा राह्य काचेपाशी. मी च्या पिऊन येतो."